झेंडेमामांची रिकामी काठी

लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही, म्हणून आधीच क्षमा मागते. तेहतीस वर्षे मी मुलांचे निबंध तपासले. ‘प्रस्तावना लांबली’, ‘विषयाला धरून नाही’ असे शेरे लाल शाईने बिनदिक्कत लिहिले. स्वतः मात्र शाळेच्या वार्षिक अहवालापलीकडे कधी काही लिहिले नाही. आता निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एका माणसाविषयी लिहायला बसले आहे, आणि त्या माणसाला हे आवडेल याची मला मुळीच खात्री नाही. चार वेळा लिहिले आणि फाडले. हा पाचवा प्रयत्न. प्रस्तावना लांबते आहे, हे मलाही दिसते आहे.

आमच्या शाळेचे शिपाई, ज्यांना मुले ‘झेंडेमामा’ म्हणत, ते माणसाकडे पाहण्याआधी वर पाहत असत. कोल्हापुरातल्या एका पेठेत आमची सरकारी शाळा. फाटकातून आत आले की उजव्या हाताला सिमेंटचा तीन पायऱ्यांचा चौथरा आणि त्यावर झेंड्याची उंच लोखंडी काठी. मामा फाटकातून येवोत, वर्गातून येवोत, टपाल घेऊन येवोत, त्यांची नजर प्रथम त्या काठीच्या टोकाला जाई आणि मग समोरच्यावर उतरे. नवीन माणसाला वाटे, हे आकाशात काय शोधत आहेत? मी रुजू झाले त्या दिवशी मलाही तसेच वाटले आणि मीही वर पाहिले. वर काहीच नव्हते. “काय न्हाई बाई,” मामा म्हणाले. “न्हाईच हाय, हेच बघत होतो.”

त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. राष्ट्रध्वज त्या काठीवर वर्षातून तीन दिवस चढे: सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट. उरलेले दिवस ती रिकामी असे. आम्हा सर्वांच्या लेखी झेंड्याचे काम म्हणजे ते तीन दिवस. मामांच्या लेखी खरे काम उरलेल्या दिवसांचे होते. त्या काठीला कोणी कपडे वाळत घालायची दोरी बांधू नये, गणेशोत्सवात लाइटच्या माळेचा आधार म्हणून ती वापरू नये, निवडणुकीत कोणी पक्षाची पताका अडकवू नये, याची ते राखण करीत. रिकामी काठी रिकामी ठेवणे हेही काम असू शकते, हे मला बी.एड.ला कोणी शिकवले नव्हते.

मामांचे शिक्षण सातवीपर्यंत. पण ध्वजसंहितेची एक मराठी पुस्तिका त्यांनी कुठूनशी मिळवली होती आणि तिला खाकी कव्हर घालून ती ते खिशात बाळगत. तिच्यासोबत शिक्षण खात्याचे एक परिपत्रकही घडी करून ठेवलेले असे: शाळेच्या आवारात राष्ट्रध्वजाखेरीज कोणत्याही संस्थेचा, मंडळाचा वा पक्षाचा झेंडा लावू नये. ही दोन्ही कागदपत्रे त्यांना तोंडपाठ होती, तरी वाद झाला की ते ती बाहेर काढून बोटाने ओळ दाखवीत. एकदा पंधरा ऑगस्टला पाहुणे म्हणून आलेल्या नगरसेवकांनी कार्यकर्त्याकडून भला मोठा झेंडूचा हार मागवला आणि तो काठीला घालायला निघाले. आमचे मुख्याध्यापक हसत उभे राहिले. मी रांगोळीकडे पाहत राहिले. मामा मात्र मध्ये आले. चौथऱ्याला हळदकुंकू वाहा, पायरीला नारळ फोडा, झेंड्याच्या घडीत पाकळ्या मीच घातल्यात, असे त्यांनी शांतपणे सांगितले आणि पुढे म्हणाले, “पण काठीला हार न्हाई घालायचा, साहेब. घालायचाच असला तर मुख्याध्यापकांना घाला. ते उगंच हुबं हायत.” नगरसेवक मोठ्याने हसले आणि हार खरोखरच मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडला. मामा हसले नाहीत. ते विनोद म्हणून बोललेच नव्हते.

पंधरा ऑगस्टला कोल्हापुरात जिलेबीचे स्टॉल लागतात, आणि झेंडावंदन आटोपले की माणसे पुड्या घेऊन घरोघर पांगतात. साडेआठ-नऊला आमची शाळा रिकामी होई. मामा मात्र सूर्यास्तापर्यंत चौथऱ्याच्या शेजारी स्टूल टाकून बसत. चढवलेला झेंडा एकटा सोडायचा नाही, असे पुस्तिकेत लिहिले आहे काय, असे मी एकदा विचारले. लिहिलेले नाही, हे त्यांनी मान्य केले. मग त्यांनीच मला उलट विचारले, की पहिलीची पोरे वर्गात असताना मी चहाला जाते का? तेही कुठे लिहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोते घेऊन पेठेत फिरत आणि गटारीच्या कडेला, रिक्षाच्या चाकाखाली, शाळेच्या पायरीवर पडलेले कागदी झेंडे गोळा करीत. पोरे त्यांना चिडवत, “मामा, भंगाराचा धंदा काढला व्हय?” मामा म्हणत, “व्हय, तुमच्या बाबाला पण घेतो वजनावर.” ते झेंडे आणि शाळेचा विटलेला, फाटलेला झेंडा ते शाळेमागच्या मोकळ्या जागेत, चपला काढून, एकटेच जाळत. मी एकदा चुकून तिकडे गेले. त्यांनी मान न वळवता मला परत फिरायला सांगितले. हे कुणी बघायचे नसते, एकांतात करायचे असते, असे नियमच म्हणतो. मी परत फिरले. आजवर मी त्यांचे एवढे एकच म्हणणे तत्काळ ऐकले असावे.

कायदा बदलला की ते तक्रार न करता बदलत, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर वाचकांना वाटेल की मी एका हटवादी माणसाचे कौतुक करते आहे. यंत्रावर विणलेल्या पॉलिस्टरच्या झेंड्याला परवानगी मिळाली तेव्हा त्यांना वाईट वाटले. नवा झेंडा हातात घेऊन त्यांनी तो कानाजवळ हलवून पाहिला. खादीचा झेंडा वाऱ्यात बोलतो, हा नुसता वाजतो, असे त्यांचे मत पडले. पुढे लोकांना घरावर रात्रीसुद्धा झेंडा ठेवायची मुभा मिळाली, तेव्हा शेजारच्या दुकानदाराने त्यांना डिवचले, “काय मामा, आता रात्रपाळी का?” मामांनी पुस्तिकेत पेन्सिलीने सूर्यास्ताला झेंडा उतरवण्याच्या ओळीवर काट मारली आणि समासात नवा नियम लिहिला. “आवडतंय म्हणून पाळायचा तर मग नियम कशाला म्हणायचं त्याला?” एवढेच ते म्हणाले.

आता मला त्या प्रसंगाकडे यायला हवे. मी तो टाळत आले आहे, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आले असेल.

मामांच्या निवृत्तीला चारपाच महिने उरले होते. ऑगस्टअखेर ते निवृत्त होणार होते, म्हणजे पंधरा ऑगस्टचा एक झेंडा त्यांना अजून चढवायला मिळणार होता. ते बोलत नसत, पण काठीला नवा रंग त्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने दिला. दोरीची कप्पी बदलून आणली. एकदा मला म्हणाले की, शेवटची गाठ अशी मारणार की एका हिसक्याला सुटली पाहिजे, पाकळी एकसुद्धा अडकता कामा नये. इतके मोठे वाक्य ते माझ्याशी क्वचितच बोलले असतील.

त्याच एप्रिलमध्ये आमच्या पेठेतल्या तालमीच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या मंडळाच्या, संघाने फुटबॉलची स्पर्धा जिंकली. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला हे सांगून पटणार नाही, पण इथे पेठेचा संघ जिंकणे म्हणजे घरातले लग्न असते. अनेक वर्षांनी चषक आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीची तीन पोरे शाळेच्या कचेरीत आली. तिघेही माझे विद्यार्थी. मुख्याध्यापक रजेवर होते आणि प्रभारी म्हणून खुर्चीत मी होते. मामा टपाल घेऊन खात्याच्या कचेरीत गेले होते. संध्याकाळी मिरवणूक शाळेवरून जाणार, पेठेतली सर्वांत उंच काठी आपल्या शाळेची, तर तालमीचा झेंडा एक दिवस तिथे लावू का, असे पोरांनी विचारले. “बाई, आपलीच शाळा हाय की. तुमच्याच हाताखाली शिकलो,” त्यांच्यातला मोठा म्हणाला. मला कोणालाही नाही म्हणता येत नाही. हा माझा दोष मी आयुष्यभर सौजन्य समजून वागवत आले. काठी रिकामीच आहे, राष्ट्रध्वज तर त्यावर नाही, मग एका दिवसाने काय बिघडते, असा विचार मी केला आणि म्हटले, “लावा. संध्याकाळी काढून न्या.”

मामा दुपारी परतले. फाटकातच त्यांनी वर पाहिले. पट्ट्यापट्ट्यांचा झेंडा वाऱ्यावर होता. ते थेट कचेरीच्या दारात आले आणि कोणी लावला, असे त्यांनी विचारले. मुलांनी लावला, मीच एका दिवसापुरते हो म्हटले, असे मी सांगितले. माझा आवाज इतका बारीक झाला होता की त्यांना ऐकू गेला की नाही, अशी मला शंका आली. ते वळून चौथऱ्यावर चढले, दोरी सोडली, झेंडा उतरवला आणि तो घेऊन तालमीकडे चालत गेले. कचेरीच्या खिडकीतून मी सारे पाहत होते. त्यांनी त्या झेंड्याची सन्मानाने घडी घातली, असे मला स्पष्ट आठवते. निदान महिन्यापूर्वीपर्यंत आठवत होते.

संध्याकाळी मिरवणूक आली तेव्हा काठी रिकामी होती. मामा राहायला पलीकडच्या पेठेत, म्हणजे नेमक्या हरलेल्या संघाच्या पेठेत. एवढे पुरेसे झाले. शिपाई तिकडचा आहे, त्याने जळून झेंडा उतरवला, असे कोणीतरी म्हणाले. रात्रीपर्यंत त्यात पायाखाली तुडवल्याचीही भर पडली. दोन दिवसांनी वीसपंचवीस सह्यांचा तक्रार अर्ज खात्याकडे गेला. त्यात ‘शाळेची परवानगी होती’ एवढेच होते, माझे नाव नव्हते.

जूनमध्ये शाळा उघडली आणि चौकशी लागली. खात्याचे अधिकारी आमच्या कचेरीत बसले. एका बाजूला मुख्याध्यापक, एका बाजूला मी, समोर उभे मामा. अधिकाऱ्यांनी मला विचारले, झेंडा लावायला शाळेने परवानगी दिली होती का? त्या महिन्यात माझी मुख्याध्यापकपदाची पदोन्नती त्याच अधिकाऱ्यांच्या टेबलावर होती. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. वाचकाला सगळे माहीत असावे म्हणून सांगते. मी म्हणाले, “लेखी परवानगी दिलेली नव्हती.” व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि अक्षरशः खरे असे ते वाक्य होते. शिपायाने झेंडा तुडवला का, असा पुढचा प्रश्न आला. मी सर्व प्रसंग सलग पाहिलेला नाही, असे मी उत्तर दिले. कचेरीचा फोन वाजल्याने मी मध्ये अर्धा मिनिट मान वळवली होती. तेही खरेच होते.

मग अधिकारी मामांकडे वळले. परवानगी कोणी दिली ते तुम्हाला ठाऊक आहे का? मी टेबलाच्या काचेखालचे वेळापत्रक वाचत होते. सोमवार, दुसरा तास, परिसर अभ्यास. मामा म्हणाले, “परवानगीचं मला काय ठावं न्हाई. सरकारी जागा हाय, तिथं सरकारचाच झेंडा चढतो. दुसरा दिसला, मी काढला. पाय न्हाई दिला.”

मामांच्या सेवापुस्तकात ‘बेजबाबदार वर्तनामुळे स्थानिकांच्या भावना दुखावल्या’ असा शेरा पडला आणि निवृत्तीपर्यंत त्यांची बदली खात्याच्या गोदामावर झाली. तिथे मोडकी बाके, जुने फळे आणि वजनकाटे होते. झेंड्याची काठी नव्हती. जुलैत आमचे मुख्याध्यापक बदलून गेले आणि त्यांच्या जागी मला पदोन्नतीचा आदेश मिळाला. शाळेच्या किल्ल्या देताना मामांनी प्रत्येक किल्ली कोणत्या खोलीची ते सांगितले. ध्वजसंहितेची ती पुस्तिका शाळेसाठी ठेवाल का, असे मी विचारले. तेवढेच धाडस मला झाले. ते म्हणाले, “पुस्तक माझं हाय बाई. मी नेतो.” आणि नेले.

त्या पंधरा ऑगस्टला झेंडा मी चढवला. गाठ एका हिसक्याला सुटली, पाकळ्या उधळल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या. काहीही चुकले नाही. चुकले असते तर कदाचित मला बरे वाटले असते. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत प्रत्येक झेंडावंदनाला मी सूर्यास्तापर्यंत शाळेत बसून राहिले. लोक म्हणत, बाई फार कर्तव्यदक्ष. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही.

अजूनही मला रस्त्याने सरळ चालता येत नाही. एखाद्या गाळ्यावर उन्हाने विटलेला झेंडा दिसला की पाय थबकतात. आत जाऊन सांगावे असे वाटते, आणि मी न सांगता पुढे जाते. मग चौकापर्यंत जाऊन परत येते. मग पुन्हा पुढे जाते. एकदा दुकानदाराने विचारले, “काय हवं होतं मावशी?” मी एक साबणाची वडी घेऊन घरी आले.

गेल्या महिन्यात मी अखेर धीर केला. जे घडले ते सविस्तर लिहून खात्याच्या नावे एक अर्ज तयार केला: तोंडी परवानगी मी दिली होती, शिपायांनी परिपत्रकाप्रमाणेच वर्तन केले, सबब त्यांच्या सेवापुस्तकातील शेरा काढून टाकावा. तो अर्ज घेऊन मी एस.टी.ने कागलला आणि तिथून रिक्षाने, निवृत्तीनंतर ते राहायला गेले होते त्या त्यांच्या गावी गेले. मामा अंगणात म्हशीपुढे वैरण टाकत होते. गुडघे गेले आहेत. काठीच्या आधाराने चालतात. त्यांनी आधी वर पाहिले, घराच्या कौलांकडे, सवयीने, आणि मग माझ्याकडे. त्यांच्या पत्नीने तांब्याभर पाणी दिले आणि उन्हातून कशाला आला बाई, म्हणून रागावल्या. गावातल्या ग्रामपंचायतीच्या झेंड्याचे सगळे आता मामाच पाहतात, पण शाळेतले काही घरात बोलत नाहीत, हेही त्यांनीच सांगितले.

मी अर्ज पुढे केला. मामांनी चष्मा लावला आणि संपूर्ण अर्ज, माझ्या सहीपर्यंत, बोट ठेवून वाचला. मग एका ओळीवर बोट थांबले.

“हितं लिवलंय, सन्मानानं घडी घातली. हे खोडा.”

मी म्हणाले की मी स्वतः पाहिले होते.

“न्हाई घातली घडी. गुंडाळला आन् काखेत मारून नेला. मला राग आलता.”

पोरांचा राग येणे साहजिकच होते, असे मी म्हटले.

“पोरांचा कशाला? तुमचा. पोरांनी इचारलं तरी. तुमी व्हय म्हणाला.” म्हशीने मान हलवली, तसे त्यांनी तिचे दावे घट्ट केले. “पायाखाली न्हाई घातला, तेवढं खरं. लिवायचं तर सगळं खरं लिवा. अर्धं खरं तुमचं एकदा बोलून झालंय.”

तुम्ही तेव्हा माझे नाव का नाही घेतले, असे मी विचारले. हा प्रश्न इतकी वर्षे मी मनात अनेक प्रकारे रचून पाहिला होता आणि त्यांची अनेक उदार उत्तरेही मीच रचून ठेवली होती. मामांनी त्यांतले एकही दिले नाही.

“तुमी तिथंच बसला होता की. तुमास्नी इचारलं, तुमी बोलला न्हाईसा. मग मी काय चुगली करायची? माझं काम काठीचं हुतं. तुमचं तुमी बघायचं हुतं.”

मी रडेन असे त्यांना वाटले असावे. त्यांनी पत्नीला चहा टाकायला सांगितला. मी निघताना ते फाटकापर्यंत, म्हणजे काट्याच्या कुंपणापर्यंत आले. अर्ज द्यायचा असेल तर माझ्या स्वतःसाठी द्यावा, त्यांच्यावर उपकार म्हणून देऊ नये, असे त्यांनी मला सांगितले. आणि दिलाच, तर खाते त्यांना पुन्हा जबाबाला बोलावणार, हेही लक्षात ठेवायला सांगितले. कचेरीचा जिना त्यांना आता चढवत नाही. पण बोलावले तर येईन, म्हणाले.

ती ओळ मी खोडली. ‘गुंडाळून काखेत नेला’ असे लिहिले आणि अर्ज नव्याने उतरवून काढला. आता त्यात खोटे काहीही नाही. खात्याची कचेरी माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. या आठवड्यात मी तीनदा तिथवर गेले. अर्ज दिला तर सेवापुस्तकातला शेरा कदाचित निघेल. पण त्यासाठी दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना तो जिना चढावा लागेल, आणि पुन्हा एकदा माझ्याच पायी त्यांना कोणासमोर उभे राहावे लागेल. दिला नाही तर नियम मोडणारी मी प्रतिष्ठेने निवृत्त झालेली बाई राहीन आणि नियम पाळणारा माणूस कागदावर बेजबाबदार राहील. मला स्वतःला हे ठरवता येत नाही. मला काहीच वेळेवर ठरवता आलेले नाही. म्हणून, लिहिण्याची सवय नसताना, तुम्हाला विचारते: हा अर्ज मी द्यावा का?